मात्रा आणि फलत्याग

कर्म करावे, फळाची आसक्ती धरू नये, ही गीतेची शिकवण आपत्कालीन विभागात शिकणाऱ्या फार्मासिस्टला अडचणीत टाकते. औषधाची मात्रा ठरते तीच परिणामासाठी. मग परिणामावरचे मन काढून घेतल्यावर मात्रा काटेकोर कशी राहणार? २००८ साली भारतात सुरू झालेल्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे सहावे वर्ष रुग्णालयात जाते. तिथे हा प्रश्न पुस्तकात राहत नाही.

उदाहरणार्थ वर्धा घ्या, हा कपाशीचा जिल्हा. पावसाळ्यात सर्पदंशाचे आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की फुफ्फुसांत स्राव दाटतो. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची, तीन अँप्यूलपासून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर सहा, मग बारा, मग चोवीस. डॉक्टर छाती तपासत असतानाच शिकाऊ फार्मासिस्टने पुढची दुप्पट मात्रा तयार ठेवायची असते. सर्पदंशावरच्या प्रतिविषाची भुकटी निर्जंतुक पाण्यात हलक्या हाताने फिरवून विरघळवतात. जोरात हलवली तर फेस होतो. लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही.

या कामात परिणामाकडे सतत पाहावेच लागते. छाती मोकळी झाली का, नाडी वाढली का, यावरच पुढची मात्रा ठरते. तेव्हा फलत्याग म्हणजे फळाकडे पाठ फिरवणे नव्हे. रुग्ण वाचला तर ‘मी वाचवला’ हा अभिमान आणि दगावला तर पुढच्या रुग्णाची मात्रा मोजताना हात कापणे, या दोन्हींतून सुटणे म्हणजे फलत्याग.

याच वर्ध्याजवळ पवनारला आश्रम असलेल्या विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. विनोबांच्या मांडणीत बाहेरच्या कर्माला मनाची जोड मिळणे म्हणजे विकर्म. दोन्ही एक झाली की कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. अँप्यूल मोजणे हे कर्म, आणि दहाव्या अँप्यूललाही पहिलीइतक्याच लक्षाने लेबल वाचणे हे विकर्म.

यावर मोठा आक्षेप असा, की ‘फळ आपल्या हाती नाही’ ही निष्काळजीपणाची पळवाट होऊ शकते. पण चुकलेली मात्रा फळात मोडत नाही. ती कर्मातच मोडते. म्हणून ती लपवता येत नाही, लगेच सांगावी आणि नोंदवावी लागते. योग्य मात्रा वेळेत देऊनही आलेला मृत्यू मात्र कर्त्याच्या अधिकाराबाहेरचा. प्रतिविषाचा साठाच संपला असेल, तर दोष एकट्या शिकाऊ फार्मासिस्टच्या माथी येत नाही. तिथे कर्म संस्थेचे असते आणि जबाबदारीही तिचीच. फलत्यागाच्या नावाने संस्थेला हात झटकता येत नाहीत.

दुःखाला या विचारात मनाई नाही. त्याचा भार पुढच्या मात्रेवर पडू नये, एवढीच अट आहे.