विस्मरणाची नैतिकता : ‘दी फ्लेडरमाउस’ची प्रयोगपरंपरा

योहान श्ट्राउस (दुसरा) याची ‘दी फ्लेडरमाउस’ ही संगीतिका ५ एप्रिल १८७४ रोजी व्हिएन्नातील थिएटर आन डेर वीनमध्ये प्रथम सादर झाली. आदल्याच वर्षी, मे १८७३ मध्ये, तेथील शेअरबाजार कोसळला होता. बेनेडिक्सचे जर्मन प्रहसन, त्यावरून मेयाक-आलेवी यांनी रचलेले फ्रेंच नाटक आणि त्यावर आधारलेली हाफनर-जेने यांची संहिता, अशी तिची वंशावळ आहे. पहिल्या अंकातील पानगीत सुखाला विस्मरणाशी जोडते. अखेरीस साऱ्या प्रतारणांचे खापर शॅम्पेनवर फोडले जाते. प्रश्न असा, की दोषाचे हे हस्तांतर म्हणजे सुखात्मिकेची निरुपद्रवी मुभा मानावयाची, की नैतिक पलायन?

केवळ संहितेपुरते पाहिले तर पहिले उत्तर पुरेसे वाटते. प्रयोगेतिहास मात्र ते डळमळीत करतो. माक्स राइनहार्टने १९२९ मध्ये बर्लिनला, कॉर्नगोल्डच्या साहाय्याने, या कृतीचे गाजलेले रूपांतर सादर केले. पुढे दोघांनाही ज्यू म्हणून देशांतर करावे लागले, आणि १९४२ मध्ये तीच कृती न्यूयॉर्कला ‘रोझालिंडा’ या नावाने उभी राहिली. मागे राहिलेल्या सत्तेला श्ट्राउसचे संगीत हवे होते. त्याचे ज्यू पूर्वज नको होते. १७६२ च्या विवाहनोंदीत त्याच्या पणजोबाचा उल्लेख बाप्तिस्मा घेतलेला ज्यू असा होता. १९४१ मध्ये ती नोंदवही ताब्यात घेऊन ही नोंद वगळलेली प्रत तिच्या जागी ठेवण्यात आली.

येथे दोन विस्मरणांत भेद करणे अगत्याचे ठरते. जे बदलता येत नाही ते विसरणे हा व्यक्तीचा दिलासा असू शकतो. जे घडले त्याचा पुरावाच पुसणे हे सत्तेचे कृत्य असते. परंतु दुसऱ्याला पहिल्याचा मुखवटा सहज चढवता येतो, आणि मुखवटे हाच तर या कृतीचा विषय आहे.

२००१ मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात हान्स नॉयेनफेल्सने फॅसिझमची स्मृती या संगीतिकेत आणली, तेव्हा प्रेक्षकांतील अनेक जण संतापले. दिग्दर्शकाने बाहेरचा आशय लादला, हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. कृतीची लय मोडली तर तिची टीकाही बोथट होते. तथापि बाहेरच्या वास्तवाला संहितेनेच एक दार ठेवले आहे. तिसऱ्या अंकातील तुरुंगरक्षक फ्रॉश गात नाही, केवळ बोलतो; आणि त्याच्या तोंडी तत्कालीन राजकारणावरील कोट्या घालण्याची प्रथा रूढ आहे. तोही प्यालेलाच असतो, पण त्याच्या वाट्याला शॅम्पेन येत नाही. शॅम्पेनची सबब ज्यांना शॅम्पेन परवडते त्यांचीच असते, हे त्याच्या उपस्थितीने ध्यानात येते. शिवाय गाणे संपले तरी आयझेनश्टाइनची कैद टळत नाही.

म्हणून या कृतीला निव्वळ विस्मरणाचे स्तोत्र म्हणणे एकांगी होय. विस्मरणाचे सुख ती देते, त्याचबरोबर त्या सुखाचा हिशेब तुरुंगात मांडते. कोणताही प्रयोग या दोहोंपैकी एकच बाजू राखू लागला, तर तो श्ट्राउसशी नव्हे, आपल्या प्रेक्षकांच्या सोयीशी प्रामाणिक राहतो.