झोपवलेला दोष

पुण्यातल्या एका कंपनीत कारखान्यांसाठी तापमान नोंदवणारं यंत्र तयार होत असे. ते यूएसबीने संगणकाला जोडायचं आणि लिनक्स कर्नलमधल्या कंपनीच्या ड्रायव्हरने सेकंदाला दहा वेळा वाचन घ्यायचं, अशी रचना. एका ग्राहकाची तक्रार आली : वाचन चालू असताना केबल काढली, की कधी कधी अख्खा संगणकच कोलमडतो.

काम एका तरुण अभियंत्याकडे आलं. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. त्याने केसॅन चालू करून कर्नल पुन्हा बांधला. कर्नलच्या मेमरीवर पाळत ठेवणारी ही सोय लिनक्समध्ये २०१५ सालापासून आहे. दुपारभर केबल काढ-घाल केल्यावर अहवाल पडद्यावर आला. त्यात तीन जबान्या होत्या : मेमरी घेतली कोणी, सोडली कोणी आणि सोडल्यावर तिला हात लावला कोणी. सोडणारं होतं डिस्कनेक्ट फंक्शन. हात लावणारं होतं दुसऱ्या सीपीयूवर चाललेलं वाचनाचं काम.

केबल निघाली की डिस्कनेक्ट ते काम रद्द करत होतं आणि लगेच केफ्री करून, म्हणजे मेमरी परत करून, मोकळं होत होतं. पण या रद्द करण्याने रांगेतलं काम तेवढं निघतं. जे आधीच सुरू झालंय ते सुरूच राहतं. त्याच्या हातातला पॉइंटर ज्या जागेकडे बोट दाखवतो, ती कर्नलने तोवर भलत्याच कुणाला दिलेली असू शकते.

मुलाने दोन ओळी घातल्या. वाचनाच्या कामात ‘पॉइंटर रिकामा आहे का’ ही तपासणी, आणि केफ्रीच्या आधी पन्नास मिलिसेकंदांची विश्रांती. स्क्रिप्ट लावून रात्रभर ड्रायव्हर जोड-सोड केला. एकदाही क्रॅश नाही. सकाळी त्याने पॅच गटप्रमुख मॅडमना दाखवला.

“हे पन्नास कुठून आले?” त्यांनी विचारलं.

“चाळीसला एकदा क्रॅश झाला होता, मॅडम. पन्नासला रात्रभर टिकला.”

“म्हणजे दोष मेला नाही रे, झोपलाय. बघ.”

त्यांनी वाचनाच्या कामात, त्याच्या तपासणीच्या बरोबर खाली, अर्ध्या सेकंदाचा डिले टाकला. केबल काढली आणि पहिल्याच फटक्यात कर्नल कोसळला.

“तपासलंस तेव्हा मेमरी होती, वापरलीस तेव्हा नव्हती. मी मुद्दाम थांबवलं. संगणकावर बोजा वाढला की शेड्यूलर हेच काम मधेच थांबवून ठेवतो. तेव्हा तुझे पन्नास पुरणार नाहीत.” मग त्यांनी त्याला एन-एचडीएलसी ड्रायव्हरची हकिगत सांगितली. त्यात एकाच बफरला दोन वाटा एकाच वेळी मोकळ्या बफरांच्या यादीत टाकू शकत होत्या, म्हणून तो दोनदा सोडला जाई. ही चूक २००९ साली लिनक्समध्ये शिरली आणि अलेक्झांडर पोपोव्ह या संशोधकाने ती उघडकीला आणली २०१७ साली. एवढी वर्षं साध्या वापरकर्त्याला थेट रूट होण्याची वाट उघडी होती. “त्यांनी तिथे विश्रांती घातली नाही. दोन्ही वाटा ज्या सामायिक पॉइंटरवर भांडत होत्या, तो पॉइंटरच काढून टाकला.”

मुलगा कागद घेऊन बसला. दोन सीपीयूंचे दोन रकाने आखले आणि कोणती ओळ कोणत्या ओळीआधी घडू शकते ते मांडत गेला. चालू काम संपेपर्यंत थांबणारं फंक्शन कर्नलमध्ये होतंच. त्याने ते वापरलं, तर डिस्कनेक्ट जागच्या जागी अडकलं. डिस्कनेक्टने म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, धरून ठेवला होता आणि ते ज्या कामाची वाट बघत होतं, त्यालाही तोच म्युटेक्स हवा होता. मग क्रम बदलला : म्युटेक्स धरून ‘उपकरण गेलं’ अशी खूण करायची, म्हणजे नवं काम कुणी लावणार नाही, म्युटेक्स सोडायचा, मग चालू काम संपू द्यायचं.

तरी एक धनी उरला होता. ज्या प्रोग्रामने उपकरणाची फाइल उघडून ठेवलीय, तोही हीच मेमरी वापरत होता. त्यासाठी त्याने केरेफ आणला. जो मेमरी धरेल तो मोजणीत एक वाढवेल, सोडताना एक कमी करेल आणि मोजणी शून्यावर आणणाराच ती परत करेल. घरातून शेवटी निघणारा कुलूप लावतो, तसं.

मग त्याने मॅडमचा डिले जागेवर ठेवूनच चाचणी केली. आणखी चार ठिकाणी नवे डिले घातले. केबल कधीही काढली तरी केसॅन गप्प राहिला. पन्नास मिलिसेकंदांची ती ओळ त्याने स्वतःच खोडली आणि पॅचच्या टिपणात दोन्ही रकाने जसेच्या तसे उतरवले, म्हणजे पुढे हा कोड हाताळणाऱ्याला तो क्रम का आहे ते कळेल.

तात्पर्य : ‘सहसा घडत नाही’ यावर उभी केलेली दुरुस्ती नशिबाच्या भरवशावर चालते, आणि ते नशीब दुसऱ्याच्या दारात फिरतं. सामायिक वस्तू टाकून देण्याआधी ती अजून कुणाच्या हातात आहे हे विचारणं, आणि त्याचं काम होईपर्यंत थांबणं, ही टाकणाऱ्याची जबाबदारी आहे.