कवटी, गणवेश आणि भलेपण

आंद्रे चायकोव्स्की हा पियानोवादक १९८२ साली ऑक्सफर्डमध्ये कर्करोगाने गेला. वय ४६. मृत्युपत्रात त्याने आपली कवटी रॉयल शेक्सपिअर कंपनीला देऊन टाकली होती, नाट्यप्रयोगात वापरण्यासाठी. कंपनीने ती जपली, तालमींना बाहेरही काढली. पण प्रेक्षकांसमोर खऱ्या माणसाची कवटी हातात घ्यायला मन धजेना. २००८ मध्ये ग्रेगरी डोरन यांनी स्ट्रॅटफर्डला ‘हॅम्लेट’ बसवले, तेव्हा कुठे त्याची इच्छा पुरी झाली. ती कवटी हाती घेणारा नट होता डेव्हिड टेनंट.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेमुळे टेनंट घराघरांत पोहोचला. मला मात्र त्याच्याविषयी कुतूहल वाटले ते तो धर्मोपदेशकाचा मुलगा म्हणून. जन्म १९७१ चा, स्कॉटलंडमधल्या बाथगेटचा, बालपण पेझलीजवळ. वडील सँडी मॅकडोनल्ड १९९७ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेचे अध्यक्ष झाले. याच चर्चमधल्या लोकांना एके काळी नाटक म्हणजे पाप वाटे. १७५६ मध्ये जॉन होम या पाद्र्याचे ‘डग्लस’ हे नाटक एडिंबराच्या रंगमंचावर आले, तर एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी त्याने पाद्रीपद सोडले.

त्या लोकांची भीती मला खुळी वाटत नाही. मी कीर्तनकाराच्या घरातली. राज्य नाट्य स्पर्धेत मी सुनेला छळणारी सासू केली, तेव्हा माझे वडील, अण्णा, पहिल्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, हे तुझ्यात कुठून आलं?” रागावले नव्हते, त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मीच उलट विचारले, “अण्णा, तुमचा कंस कुठून येतो?” उत्तररंगात कृष्णजन्माचे आख्यान लावले की अण्णा कंस व्हायचे, उपरणे कमरेला आवळून. लहानपणी त्या आवाजाने मी आईच्या कुशीत शिरत असे. अण्णा थोडे थांबले आणि म्हणाले, “मी कंस झालोय हे मला ठाऊक असतं. कंसाला ते ठाऊक नसतं.”

२०२२ मध्ये टेनंटने लंडनच्या हॅरोल्ड पिंटर थिएटरमध्ये सी. पी. टेलर यांचे ‘गुड’ केले. त्याचे चित्रीकरण पुढे चित्रपटगृहांत दाखवले गेले, ते मी पाहिले आणि अण्णांचे ते वाक्य मला नव्याने कळले. टेलर ग्लासगोचे, ज्यू कुटुंबातले. नाटकाचा नायक हाल्डर हा जर्मनीतला साहित्याचा प्राध्यापक. घरी म्हातारी, दृष्टी गेलेली, भ्रमिष्ट झालेली आई आहे. तिच्याकडे पाहून त्याने दयामरणाविषयी कादंबरी लिहिली आहे. ती नाझींच्या नजरेत भरते. आधी एक टिपण मागतात, मग सल्ला, मग देखरेख. प्रत्येक वेळी त्याला वाटते, आपण आत राहिलो तर जरा बरे घडेल. शेवटी तो एस.एस.च्या गणवेशात आउश्वित्झच्या दाराशी येतो.

टेनंटने हाल्डरला क्रूर केले नाही, त्याच्यावर क्रौर्याची सावलीसुद्धा पडू दिली नाही, हे मला त्याच्या अभिनयातले सर्वांत मोठे काम वाटते. हा माणूस शेवटपर्यंत सौजन्याने बोलतो. तो समंजस माणसाची भूमिका करतो आहे, पण ती भूमिका आहे हे त्याला एकदाही कळत नाही. जुन्या पाद्र्यांना वाटे की सोंग घेतले की सोंगातले पाप अंगात शिरते. सोंगाची ताकद त्यांनी बरोबर ओळखली होती. पण नट दुष्टपणाकडे जातो तो डोळे उघडे ठेवून. दुष्टपणा कोणत्या शब्दाला सुरू झाला, कोणत्या गप्प राहण्यात वाढला, हे त्याला शोधावेच लागते, नाहीतर भूमिका उभी राहत नाही. हा शोध मला धार्मिक वाटतो. देवळात बसून आपण तो क्वचितच एवढ्या कसोशीने करतो.

आणि ती कवटी? चायकोव्स्कीचे जन्मनाव रॉबर्ट आंद्रझेय क्राउटहॅमर. वॉर्सातल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. १९४२ मध्ये त्याला खोट्या कागदपत्रांवर, आंद्रझेय चायकोव्स्की या नावाने, घेट्टोतून बाहेर काढले. त्याची आई त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारली गेली. नव्या नावाचे सोंग वठले म्हणून पोर जगले, आणि पुढे तेच नाव त्याचे झाले. हाल्डरला संगीताचे सूर सारखे ऐकू येत असतात, वास्तव अंगावर आले की ते आधाराला धावतात. आउश्वित्झच्या दारातला कैद्यांचा वाद्यवृंद मात्र भास नसतो, खरा असतो. ज्या कंपनीने १९८१ मध्ये ‘गुड’चा पहिला प्रयोग केला, तिलाच दुसऱ्या वर्षी एका ज्यू वादकाची कवटी मिळाली. आणि ती हातात धरलेल्या नटानेच चौदा वर्षांनी तो गणवेश चढवला. हा योगायोगच, तरी मी त्याच्यापाशी बराच काळ थांबून राहिले.

‘हाल्डरच्या जागी कुणीही असता’ असे हे नाटक पाहून पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्यात पापाची जबाबदारी इतकी पातळ होते की ती कुणाच्याच वाट्याला उरत नाही. हाल्डरचा ज्यू मित्र मॉरिस त्याच्याकडे स्वित्झर्लंडला निघून जाण्यासाठी तिकिटे मागतो. घाबरलेला असतो, चिडलेला असतो, पुन्हा पुन्हा मागतो. हाल्डर ती आणून देत नाही. त्या क्षणी त्याच्या पाठीशी कुणी बंदूक रोखून उभे नव्हते. स्टेशनवर जायचे होते, खिडकीशी उभे राहून तिकिटे घ्यायची होती.