विटाळ कोणाचा?

(बोरगाव येथील श्रावणमासातील निरूपणाच्या आधारे)

ॐ श्रीगुरुबसवलिंगाय नमः।



श्रावणात बोरगाव मुक्कामी अक्कमहादेवींच्या चरित्रावर सात दिवस निरूपण झाले. तिसऱ्या दिवशी कौशिक राजाचा प्रसंग आला. उडुतडीच्या त्या राजाने अक्कांची अभिलाषा धरली, मातापित्यांवर दडपण आणले, आणि अखेर अक्का राजवाडा, अलंकार, वस्त्र सारे टाकून केवळ केशसंभाराने देह झाकून कल्याणकडे निघाल्या, ही कथा आपणांस ठाऊक आहे. हा प्रसंग सांगताना एक वाक्य मी गेली वीसएक वर्षे न चुकता उच्चारीत आलो आहे : ‘राजाचा स्पर्शही अक्कांना झाला नाही; त्या निष्कलंक राहिल्या.’ या वाक्याला श्रोते मान डोलावतात, माताभगिनी पदराने डोळे टिपतात. त्या दिवशीही तसेच झाले.

मंगलारती झाल्यावर विभूती घेण्यास आलेल्यांत एक वृद्ध माता होती. सर्व जण पुढे गेले तरी ती तेथेच उभी. मग हळूच म्हणाली, “महाराज, एक पुसू का? त्या राजानं हात लावला असता, त मंग ते अक्का राह्यली नसती का?”

मी म्हणालो, “उद्या सांगतो, आई.” उत्तर माहीत नसले की आम्ही उद्यावर ढकलतो. पण त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी ग्रंथ उघडले. अक्कांच्या काळाला अधिक जवळ असलेल्या हरिहर कवीच्या रगळेत अक्कांनी अटी घालून राजाशी विवाह केला, राजाने त्या अटी मोडल्या आणि अक्का बाहेर पडल्या, असे चरित्र आहे. पुढे पंधराव्या शतकात चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’त तो विवाह झालाच नाही अशी मांडणी आली. दोन्ही ग्रंथ आपणांस वंदनीय, आणि दोहोंतही अक्का या अक्काच आहेत. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले, त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकले, आणि त्यानंतर बसवण्णा, चन्नबसवण्णा आदी सर्व शरणांनी त्यांना ज्येष्ठ भगिनीचा मान दिला. तो मान त्यांच्या वैराग्याला आणि अनुभावाला होता. राजवाड्यात राजाने काय केले वा काय केले नाही, यावर तो अवलंबून नव्हता.

मग आम्हा प्रवचनकारांना ते एक वाक्य इतके प्रिय का? मी स्वतःशी प्रामाणिक राहून सांगतो. ते वाक्य उच्चारताना मी अक्कांची स्तुती करीत आहे असे मला वाटे. प्रत्यक्षात मी अक्कांची थोरवी मोजण्याचा गज कौशिकाच्या हाती देत होतो. आणि समोर बसलेल्या ज्या एखाद्या भगिनीची कौशिकाच्या हातून सुटका झाली नसेल, तिला मी व्यासपीठावरून सांगत होतो की, बाई, तू मात्र कलंकित आहेस.

आपल्या धर्मात पंचसूतके मानीत नाहीत. जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती या पाचांचा विटाळ इष्टलिंगधारकास नाही. ही शिकवण बाराव्या शतकातली आहे. बाळंतीण अपवित्र नाही, रजस्वला अपवित्र नाही, हे शरणांनी त्या काळी सांगितले, आणि त्यासाठी त्यांना समाजाची केवढी टीका सोसावी लागली असेल याची कल्पना करा. मग शरीराच्या स्वाभाविक धर्माचाही विटाळ जिला लागत नाही, तिला दुसऱ्याने केलेल्या पापाचा विटाळ कसा लागेल? ज्याने चोरी केली तो चोर. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला आपण चोर म्हणत नाही. या एकाच अपराधात आपण हिशेब उलटा मांडतो आणि म्हणतो, ‘ती बाटली.’ वर्तमानपत्रेही कालपरवापर्यंत ‘अब्रू लुटली’ असे छापीत. अब्रू जर कोणाची गेली असेल तर ती हात टाकणाऱ्याची गेली.

संस्कृत पाठशाळेत असताना धर्मसूत्रे वाचली होती. वसिष्ठधर्मसूत्रातही बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीचा त्याग करू नये असा स्पष्ट निर्देश आहे. ज्यांना शास्त्राधार हवा त्यांच्यासाठी हे सांगितले. परंतु त्या ग्रंथांत पुढे लगेच शुद्धीची भाषा येते : ती अमुक काळाने शुद्ध होते, तमुक विधीने शुद्ध होते. शुद्धी सांगितली की अशुद्धी गृहीत धरली गेलीच. शरणांनी ते गृहीतच नाकारले. आपण लिंगायत म्हणवून घेतो, गळ्यात लिंग बांधतो, आणि या एका बाबतीत सूतक पाळतो, ते मात्र कडकडीत पाळतो.

आता मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक गृहस्थ मठात आले. त्यांच्या मुलीवर अतिप्रसंग झाला होता. कोणी केला ते नावही त्यांनी मला सांगितले; ओळखीचाच, घरात येणारा-जाणारा मनुष्य होता. ‘स्वामीजी, काय करू?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. बोभाटा करू नका. चांगले स्थळ पाहून लवकर लग्न उरकून टाका.’ ते नमस्कार करून गेले. काही महिन्यांनी ते कुटुंब गाव सोडून गेले. आणि ज्याचे नाव मला सांगितले होते तो मनुष्य पुढे अनेक वर्षे उत्सवात महाप्रसादाच्या पंगतीला वाढीत होता. मी पाहत होतो. मीही त्याच्या हातचे घेतले आहे.

लोक पीडितेलाच दोष का देतात, असे कोणी मला विचारले तर मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवीत नाही. मी तो दोष कसा दिला ते आठवतो. मला ती मुलगी वाईट वाटत नव्हती. मला भीती वाटत होती. मठाचे नाव, समाजाचे नाव, उत्सव जवळ आलेला, समोरचा मनुष्य देणगीदार. दोष त्या बाजूला टाकला असता तर मला काही तरी करावे लागले असते. या बाजूला टाकला की फक्त उपदेश पुरतो.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही हे पाहिले आहे. अमेरिकेत मेल्विन लर्नर या संशोधकाने १९६६ साली एका सहकारी बाईंसह प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थिनींना दाखविले की एका तरुणीला चुका केल्याबद्दल विजेचे झटके बसत आहेत. ते झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना खरे वाटत होते. ज्यांना तिचे हाल थांबविण्याची संधी मिळाली त्यांनी ते थांबविले, आणि तिच्याविषयी त्यांचे मत वाईट झाले नाही. ज्यांना नुसते पाहत बसावे लागले आणि हे असेच चालू राहणार असे सांगण्यात आले, त्यांना ती तरुणीच कमी योग्यतेची वाटू लागली. जगात सर्व काही न्यायाने चालले आहे हा आपला समज आपल्याला मोडवत नाही. म्हणून जिच्यावर अन्याय झाला तिच्यातच आपण काही तरी खोट शोधतो. ‘रात्रीची कशाला गेली?’, ‘असे कपडे कशाला?’, ‘पूर्वजन्मीचे काही तरी असेल.’ असे म्हटले की आपल्या मुलीला हे होणार नाही, कारण ती तशी नाही, असे समाधान मिळते. हे समाधान खोटे आहे. शासनाच्या गुन्हे नोंदींचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवितात की अशा शंभर प्रकरणांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, स्नेही. अंधाऱ्या वाटेवरचा अनोळखी मनुष्य फार थोडा.

आपल्या म्हणी पाहा. केळीचे पान काट्यावर पडले काय नि काटा पानावर पडला काय, फाटते पानच, असे मुलींना सांगतात. ठीक आहे, पान फाटते. पण इतक्या पिढ्यांत काट्याला कोणी दोन शब्द सुनावले नाहीत. दुसरी म्हण, टाळी एका हाताने वाजत नाही. टाळी नसेल वाजत. थप्पड एकाच हाताने बसते. अल्लमप्रभूंच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा की माया स्त्रीत नाही, ती पाहणाऱ्याच्या मनातील हावेत आहे. वस्त्राची चर्चा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. केवळ केसांनी देह झाकलेली स्त्री अनुभवमंटपात उभी राहिली, आणि तेथील एकाही शरणाचे चित्त ढळले नाही. दोष वस्त्रात असता तर तो मंटप त्याच दिवशी मोडला असता.

आपल्याच विदर्भातील एक खटला तरुणांनी अवश्य माहीत करून घ्यावा. देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो, ते त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलगी आईबापांविना वाढलेली, मोलमजुरी करणारी, वय चौदा ते सोळा. तिचा एका तरुणावर जीव होता. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली म्हणून तिला ठाण्यावर आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबविण्यात आले. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिचा पूर्वीचा संबंध पुढे करून तिलाच खोटी ठरविले आणि दोघांना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीने निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे असे सांगून शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडले. कारणे अशी की तिच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही. कोठे करायची होती आरडाओरड? पोलीस ठाण्यातच ना!

पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतील अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून साक्ष मोडण्याची मुभा साक्ष कायद्यातून निघायला मात्र २००२ सालची दुरुस्ती यावी लागली. वैद्यकीय तपासणीतील दोन बोटांची अपमानास्पद चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरविली, आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातही नाव उघड करण्यास बंदी कायम आहे. म्हणूनच त्या मुलीचे नाव मी येथे लिहीत नाही. परंतु एक पाहा. निकालपत्रांच्या ग्रंथांत तो खटला एका आरोपी पोलिसाच्या नावाने छापलेला आहे, आणि लोकांच्या तोंडी आजतागायत आहे तो त्या मुलीच्या नावाने. पोलिसाचे नाव विचारले तर शंभरात एकाला सांगता येणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्ण्याची गोटमार आपण सर्वांनी पाहिली आहे, निदान ऐकली आहे. तिची कथा दोन तऱ्हांनी सांगतात. कोणी म्हणतात, पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली. कोणी म्हणतात, ती त्याच्यासोबत पळून गेली. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक, पण एकात ती अपहृत आहे आणि दुसऱ्यात स्वेच्छेने गेलेली. नदीच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड आले. दगड मारणाऱ्यांपैकी कोणी तिला विचारले असेल का, की बाई, तुला नेले की तू निघालीस? आजही मुलगी घरी परतली की पहिला दगड घरातूनच येतो. तोंडाने मारलेला, पण दगडच.

पंचाचारांत गणाचार आहे. अन्याय समोर घडत असता स्वस्थ न बसणे हा त्याचा एक अर्थ. लर्नरच्या त्या प्रयोगाकडे पुन्हा पाहा : ज्यांच्या हाती काही करण्यासारखे होते, त्यांनी तिची निंदा केली नाही. तेव्हा लोकांना नुसते ‘निंदा करू नका’ असे सांगून भागत नाही, त्यांच्या हाती काम द्यावे लागते. काम काय, तेही ऐका. मुलगी सांगते तेव्हा मध्ये न बोलता ऐकणे. त्याच दिवशी रुग्णालयात नेणे. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य आणि तातडीने उपचार केलेच पाहिजेत असा कायदा आहे. घटना कोठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यावर तक्रार नोंदविता येते. नोंदविण्यास नकार देणारा अधिकारी स्वतः दंडास पात्र आहे. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. तिच्यासोबत ठाण्यावर जाणे, तारखेला जाणे, आणि तारखा पुष्कळ पडतात, प्रत्येक तारखेला जाणे. तिला लग्नकार्यात, हळदीकुंकवात, लिंगपूजेत पहिल्यासारखे बोलावणे. मुलगे वयात येऊ लागले की त्यांच्याशी बापाने बोलणे; आपण फक्त मुलींना सांगतो.

चौथ्या दिवशी त्या मातेला मी सर्वांसमोर उत्तर दिले : राजाने हात लावला असता तरी अक्का या अक्काच राहिल्या असत्या, आणि जे वाक्य मी इतकी वर्षे सांगत आलो ते यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही. तिने फक्त मान हलविली. तिने हा प्रश्न कोणासाठी विचारला, ते मी विचारले नाही.

मठापुरते एक ठरविले आहे. उत्सवातील सेवेकऱ्यांची यादी यापुढे मी एकटा करणार नाही. पाच भगिनींची समिती ती पाहील, आणि कोणाही मुलीची, बाईची तक्रार ऐकण्याचे कामही तीच समिती करील. प्रकरण गुन्ह्याचे असेल तर ते मठात मिटविले जाणार नाही, ठाण्यावर जाईल. देणगीदार असला तरी. समितीत येण्याविषयी त्या बोरगावच्या मातेला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मले लेहता नाही येत, महाराज.” लिहायला दुसऱ्या दोघी आहेत, आम्हाला ऐकणारी हवी, असे सांगितल्यावर ती हो म्हणाली.