घरातला एकांत आणि दासोह



घराबाहेर पडणेच अशक्य झाले तर मनुष्याने वेळ कसा घालवावा? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. वेळ गेला म्हणजे मन भरले, असे समजावे काय?

आम्हा हैदराबादकरांपुढे हा प्रश्न २०२० साली प्रत्यक्ष उभा राहिला. २२ मार्च रोजी जनता कर्फ्यू झाला, त्याच सायंकाळी तेलंगणात टाळेबंदी जाहीर झाली आणि २५ मार्चपासून सारा देश दाराआड गेला. तेव्हा थांबलेली येथील मेट्रो पुन्हा धावली ती ७ सप्टेंबरला. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ सालची ‘रामायण’ मालिका पुन्हा सुरू केली आणि घरोघर ती एकत्र बसून पाहिली गेली. पत्ते निघाले, भेंड्या रंगल्या, मोबाईलवर हौजीचे डाव पडले. २६ एप्रिलची बसवजयंतीही आपण मिरवणुकीवाचून, आपापल्या घरीच साजरी केली.

यात वाईट काही नव्हते. हसणे-खेळणे हा काही अधर्म नव्हे. कोंडलेल्या मनाला विरंगुळा लागतोच. मात्र विरंगुळ्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे मला माझ्या आत्याने शिकविले.

आत्या माहेरची उदगीरची. काचीगुड्यात तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. टाळेबंदीत तिला एकटे वाटू नये म्हणून मी रोज सकाळी मोबाईलवर एक प्रवचन, दुपारी भजन आणि रात्री काहीतरी गमतीचे पाठवीत असे. तिचे उत्तर ठरलेले, “पाहिले.” आपण कर्तव्य पार पाडले या समाधानात मी झोपत असे. तीन आठवड्यांनी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, “बाळ, तू दाखवतोस पुष्कळ, विचारत मात्र काही नाहीस.”

मग कळले की, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते. औषधाचे दुकान उघडे होते, पण जाणार कोण? अखेर खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंनी गॅलरीतून हाक मारून सहज चौकशी केली, तेव्हा त्यांच्या मुलाने गोळ्या आणल्या. आत्याने दोरीला पिशवी बांधून खाली सोडली आणि औषध वर ओढून घेतले. त्या बाईंना मराठी येत नाही, आत्याची तेलुगू बाजारापुरती. तरीही जोडलेल्या त्या होत्या, मी नव्हतो. वाचकहो, ही गोष्ट सांगताना आजही मान खाली जाते.

पुढे झाले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. आत्याने पेटीतली जुनी सुती लुगडी काढली आणि हाताने मुखपट्ट्या शिवायला बसली. रोज चार-पाच होत. त्याच दोरीने त्या खाली जात. दूधवाल्याला, पहारेकऱ्याला, झाडूवाल्या बाईला. त्यानंतर मी फोन केला की तीच घाईत असे. “नंतर बोल, हातात काम आहे,” म्हणे. इतकी भजने पाठवूनही जो उत्साह मला तिच्यात आणता आला नव्हता, तो त्या सुईदोऱ्याने आणला.

असे का व्हावे? करमणुकीत मनुष्य नुसता घेणारा असतो. घेऊन घेऊन मन शिणते, कारण आपली कोणाला गरज आहे हे त्यास कुठेच जाणवत नाही. नुलिय चंदय्या शरण गवताचे दोर वळीत आणि त्या कमाईतून जंगमदासोह करीत. कायकाचे फळ दुसऱ्याच्या हाती पडले म्हणजेच कायक पूर्ण होते. दासोहाने घेणाऱ्याचे पोट भरते, तसा देणाऱ्याचा एकांतही सरतो. म्हणून एकट्या माणसाला केवळ देत राहणे ही अर्धीच सेवा होय. त्याच्याकडून काही मागून घेणे, त्यास देण्याची संधी ठेवणे, ही उरलेली अर्धी.

आणखी एक गोष्ट विसरू नये. घरात कंटाळा येणे हेदेखील घर असणाऱ्याचेच दुःख आहे. १ मे २०२० रोजी पहाटे याच शहराच्या लिंगमपल्ली स्थानकातून झारखंडमधील हटियाकडे देशातील पहिली श्रमिक गाडी सुटली. सुमारे बाराशे मजूर तीत होते. आपण घरात कोंडलो म्हणून कष्टी होतो. ते घरापर्यंत पोहोचता येत नाही म्हणून. आपल्या कंटाळ्याचे माप घेताना ही गाडी नजरेपुढे असावी.

आता ती टाळेबंदी इतिहासजमा झाली. परंतु सर्वांची उठली काय? आत्याचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. तिचा उंबरठा कोणत्याही सरकारी आदेशावाचून बंद झाला आहे. अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या गणगोतात आहेत. कोणी मोडल्या हाडाने अंथरुणाला खिळलेले, कोणी आजाऱ्याच्या उशाशी अडकलेले. आपण त्यांना सणाची चित्रे पाठवितो आणि नाते राखल्याचे समाधान मानतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आज इष्टलिंगपूजा आटोपल्यावर अशा एका माणसास फोन करा. काही दाखवू नका. औषध आहे काय, जेवण झाले काय, हे विचारा. आणि मग त्यांच्याकडे काहीतरी मागा. एखाद्या भाजीची कृती, पूर्वजांचे एखादे नाव, फाटल्या कापडाला चार टाके. पलीकडचा आवाज कसा बदलतो, तो ऐका.