पाच मैलांच्या आत

बर्मिंगहॅमचा एक तरुण १९३७ साली वास्तुकलेचं शिक्षण संपवून बाहेर पडला. नाव लॉरी बेकर. दोन वर्षांनी युद्ध पेटलं आणि घरं बांधायचे दिवस संपून पाडायचे दिवस आले. बेकर क्वेकर पंथाचे. बंदूक हाती धरणार नाही, पण जखमींची सेवा करीन म्हणाले आणि रुग्णवाहिका पथकातून चीनला गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचं काम केलं, कुष्ठरोग्यांमध्ये राहिले. नकाशे काढायला शिकलेल्या माणसाने इमारतीत झोपलेला माणूस आधी पाहिला, इमारत मागाहून. पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ मला यात दिसतं.

चीनमध्ये प्रकृती ढासळली. मायदेशी परतताना बोटीसाठी मुंबईत काही महिने थांबावं लागलं. ज्यांच्याकडे उतरले होते ते गृहस्थ गांधीजींच्या परिचयाचे, त्यामुळे प्रार्थनासभांना जाणं होऊ लागलं. एकदा गांधीजींची नजर त्यांच्या पायांकडे गेली. चिंध्यांपासून शिवलेले चिनी कापडी जोडे होते ते. वाया गेलेल्या वस्तूतून कामाची वस्तू झालेली पाहिली की गांधीजींना राहवत नसे. त्यातून बोलणं सुरू झालं. घर बांधायचं तर आसपासच्या पाच मैलांत मिळेल त्या सामानाने बांधावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी तिथेच ऐकला.

हा विचार हवेतला नव्हता. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात माती, बांबू आणि कौलं यांच्या कुट्या उभ्याच होत्या. त्यांतली एक परचुरेशास्त्र्यांची. संस्कृतचे हे पंडित कुष्ठरोगाने गांजलेले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. रोग्याला गावाबाहेर न काढता शेजारी घर बांधून देणं, हाही एक आराखडाच. फक्त तो कागदावर नव्हता.

१९४५ साली बेकर भारतात परतले, कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून. काम मोठं विलक्षण होतं. तोवर कुष्ठधाम म्हणजे उंच भिंतीआडची वस्ती. रोगी आत गेला की गावाच्या लेखी संपला. औषध म्हणजे कडुकवठीच्या तेलाची इंजेक्शनं, आणि त्यांचा भरवसा बेताचाच. पण चाळिशीच्या दशकात सल्फोन जातीची औषधं आली आणि हा रोग बरा होऊ शकतो असं डॉक्टर म्हणू लागले. आता या जुन्या वस्त्यांची रुग्णालयं करायची होती.

वरवर पाहता काम डागडुजीचं. चार खिडक्या वाढवा, दोन खोल्या काढा. पण मरेपर्यंत राहायची जागा आणि बरं होऊन घरी परतायची जागा यांत खोल्यांच्या संख्येचा फरक नसतो. पहिलीला भिंत लागते, दुसरीला दार. पहिलीत नातेवाइकाला काही कामच नाही. दुसरीत तो गाठोडं घेऊन कुठे बसेल, कुठे शिजवेल, याचा विचार करावा लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्याखाली डबा उघडून बसलेली माणसं पाहिली की कळतं, हा विचार अजून किती नकाशांत व्हायचा राहिला आहे.

बेकर येताना विलायतेहून पुस्तकं घेऊन आले होते. बांधकामाची, साहित्याची, तपशिलांची. आणि समोर काय? वाळवी. चार महिने कोसळणारा पाऊस. जांभा दगड, चिखलाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. त्या जाडजूड ग्रंथांत यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. परक्या मुलुखात आलेल्या तज्ज्ञाला अशा वेळी एक वाट नेहमी मोकळी असते: पुस्तक खरं, मुलुख चुकीचा. कित्येकांनी ती धरलीही. आपल्या गावोगावी त्यांच्या इमारती अजून गळत उभ्या आहेत. बेकर शेजारची झोपडी पाहायला गेले. ही भिंत पावसात का वाहून गेली नाही? छपराचा उतार एवढाच का? ओटा इतका उंच कशाला? जे टिकलं होतं ते पिढ्यान्‌पिढ्या पडून, झडून, सुधारत टिकलं होतं.

मिशनच्या बंगल्यांतलं राहणंही त्यांना मानवेना. नोकरचाकर, मेजवान्या. ते फैजाबादला डॉ. पी. जे. चांडी यांच्या घरी राहायला गेले. चांडींची बहीण एलिझाबेथ हीसुद्धा डॉक्टर, त्याच कामातली. भावाच्या आजारपणात ती फैजाबादला आली आणि दोघांची ओळख झाली. १९४८ साली लग्न झालं.

लग्नानंतर दोघं हिमालयात पिथोरागडला गेली. कुमाऊँचा तो कोपरा, पलीकडे नेपाळ आणि तिबेट. आली होती फिरायला. पण बाई डॉक्टर आहेत ही बातमी डोंगरात लपते होय? माणसं दाराशी येऊ लागली. कुणाला ताप, कुणाची जखम चिघळलेली, कुणाची सून अडलेली. आज आलेल्याला औषध द्यायचं आणि उद्या सामान बांधायचं, हे दोघांना जमलं नाही. ती तिथे जवळजवळ सोळा वर्षं राहिली.

एक गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे. रुग्णालय उभारायची रीत म्हणजे आधी निधी, मग जागा, नकाशा, कोनशिला, मंत्री, फीत. आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर, तोही मिळाला तर. अशा किती तरी कोऱ्या इमारती आपल्या तालुक्यांतून कुलूप लावून बसल्या आहेत. पिथोरागडला क्रम उलटा होता. आधी रोगी आला, त्याच्यासाठी डॉक्टर थांबली, आणि डॉक्टर थांबली म्हणून वास्तुविशारदाला काम मिळालं.

आणि काम करायचं कशाने? सिमेंटचं पोतं त्या डोंगरावर चढवायचं म्हणजे रोग्यांच्या औषधाचे पैसे वाटेतच संपायचे. पाच मैलांत पाहिलं तर दगड होता, लाकूड होतं, माती होती, आणि ती हाताळणारी माणसं होती. तिथल्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या, वर लाकडाचा सांगाडा, त्यावर पाटीसारख्या चपट्या दगडांचं छप्पर. थंडी बाहेर राहते, चुलीची ऊब आत राहते. डोंगरउतार कापून सपाट करण्याऐवजी उतारालाच पायऱ्यापायऱ्यांनी घर बिलगलेलं. बेकरांनी तिथल्या गवंड्यांबरोबर याच रीतीने घर बांधलं, रुग्णालय बांधलं, शाळा बांधल्या. बर्मिंगहॅमच्या पदवीधराची खरी शाळा ही, आणि शिक्षक त्याच्या मजुरीवर काम करणारे. दगड कोणत्या अंगाने बसवायचा हे दाखवून दिल्याबद्दल त्यांतल्या कुणाला कसला दाखला मिळाला नाही.

म्हणून बेकर नुसती नक्कल करत बसले असं मात्र नाही. डॉक्टरला कुठे किती उजेड लागतो, हवा कुठून आली पाहिजे, दोन खाटांमध्ये माणसाला वाकायला किती जागा हवी, हे झोपडीने शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी चीनमध्ये रोग्याच्या उशाशी उभं राहून पाहिलं होतं आणि घरात डॉक्टर होतीच. गवंड्याचं शहाणपण आणि डॉक्टरची गरज यांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोघांचं ऐकायचं, एवढ्यात त्यांनी आपला धंदा बसवला. ऐकायला सोपं वाटतं. मानधनाची टक्केवारी बांधकामाच्या खर्चावर ठरते त्या धंद्यात ते सोपं नसतं.

या सोळा वर्षांत वास्तुकलेच्या जगाला त्यांचा पत्ताही नव्हता. ना मासिकात छायाचित्र, ना व्याख्यान. व्यवसायातले सोबती त्या काळात मोठमोठी कामं करत असतील. बेकर चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघाले होते आणि डोंगरात दगड रचत होते.

१९६३ मध्ये हे कुटुंब केरळला गेलं, आधी वागमोनच्या डोंगरात, मग तिरुअनंतपुरमला. नाव झालं ते इथे. पण नवीन मुलुखात आल्यावर त्यांनी पिथोरागडचं घर उचलून आणलं नाही, हे मला अधिक मोलाचं वाटतं. तिथे दगड, इथे वीट आणि जांभा. तिथे थंडी अडवायची, इथे वारा आत घ्यायचा. म्हणून भिंतींना विटांच्या जाळ्या आल्या. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची ती ‘रॅट-ट्रॅप’ रचना आली. तिच्यात विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे घरात गारवा राहतो. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट नुसतंच ओझं असतं, हे ओळखून तिथे त्यांनी मंगलोरी कौलं बसवली. तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा सगळा परिसर असा उभा आहे. नकाशे बहुधा वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूला, तेही बांधकामाच्या जागी उभं राहून.

१९९० साली पद्मश्री मिळाली, आणि २००७ मध्ये नव्वदीला पोचून ते तिरुअनंतपुरमलाच वारले. भारताचं नागरिकत्व त्यांनी घेतलं होतंच.

त्यांच्या विटांच्या भिंतींना गिलावा नसायचा. पैसे वाचत, आणि वीट मुळात देखणी असताना तिला झाकायचं कशाला, हा त्यांचा सवाल. गवंड्याची मात्र पंचाईत व्हायची. इतर ठिकाणी ओळ वाकडी गेली तर वरून गिलावा फासला की भागतं. इथे सांधा न्‌ सांधा उघडा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारा. त्यामुळे बेकरांच्या कामावरचा गवंडी पुढची वीट ठेवण्याआधी दोरी पुन्हा एकदा ताणून बघायचा.