दिलेली वस्तू कोणाची?

दान दिल्यानंतर त्या वस्तूवर देणाराचा काही हक्क शिल्लक राहतो काय? शास्त्राला विचाराल तर उत्तर एका वाक्यात आहे. धर्मशास्त्रकारांनी दानाचे लक्षणच असे बांधले आहे की, आपले स्वामित्व काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्याचे स्वामित्व त्या ठिकाणी उत्पन्न करावयाचे, याचे नाव दान. पहिली गोष्ट झाली आणि दुसरी झाली नाही, तर ते नुसते टाकून देणे झाले. दुसरी झाली आणि पहिली मनातून झालीच नाही, तर ते उसने देणे झाले. येथपर्यंत शंकेला जागा नाही. पण शास्त्र जेथे थांबते तेथे प्रपंच बोलू लागतो, आणि आज जो विचार करावयाचा आहे तो एका लोकरीच्या शालीवरून निघालेला आहे. त्यात आई आहे, लेक आहे, आणि दोघींमध्ये दीड महिना धरलेला अबोला आहे.

माझी एक पुतणी लग्न होऊन अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेली, त्याला अठरा वर्षे झाली. तिकडचा हिवाळा लांब आणि बर्फाचा. पहिल्याच वर्षी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने तिच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला, आणि ती विणू लागली. आपल्याकडेही बाळंतविड्याची टोपडी, मोजे, मफलर विणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण तिकडे विणणाऱ्यांचा संप्रदायच आहे म्हणा ना! त्यांच्या बैठका असतात, मेंढ्यांच्या आणि लोकरीच्या जत्रा भरतात. त्यांची थट्टाही घरातलीच. एक मोजा विणून झाला की दुसऱ्याचा कंटाळा येतो आणि पहिला बिचारा एकटा पडून राहतो, त्याला त्या 'दुसऱ्या मोज्याचा रोग' म्हणतात. उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर कपाटात साठते, त्यालाही त्यांनी विनोदी नाव ठेवले आहे. (आम्ही कीर्तनकारांनी हसण्यापूर्वी आपली पोथ्यांची कपाटे आठवावीत.)

या बायकांत एक चाल आहे. ती २००४-०५ च्या सुमारास फार पसरली. तिचे नाव 'सीक्रेट पाल', म्हणजे गुप्त मैत्रीण. पन्नास-शंभर जणी नावे देतात. एक बाई मध्ये बसून जोड्या लावते, पण जोड्या समोरासमोरच्या नव्हेत. पहिलीने दुसरीला पाठवायचे, दुसरीने तिसरीला, असे करीत शेवटची पहिलीला पाठवते. आपल्याला कोण पाठवते हे कुणालाच माहीत नसते. दोन-तीन महिने दर महिन्याला एक पेटी जाते. तीत हाताने विणलेले काहीतरी, एखादी लोकरीची लडी, चहा, गोडधोड, चार ओळींची चिठ्ठी. किती खर्च करायचा याची मर्यादा आधी ठरलेली असते. शेवटच्या पेटीत पाठवणारी आपले नाव उघड करते. आणि आरंभी प्रत्येकीकडून एक कागद भरून घेतात: रंग कोणता आवडतो, पायाचे माप काय, लोकर अंगाला खुपते का, घरी मांजर आहे का. हा कागद ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यावर कुणी पूर्वपक्ष करील की, हे दान कसले, ही तर फिरती भिशी! आपण पाठवले तर आपल्याला येणार, हे ठरलेलेच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस म्हटले आहे, आणि त्यावर माउलींनी दिलेले दृष्टांत मोठे मार्मिक आहेत. दुभत्यावर नजर ठेवून गाय चारणे, आहेरावर डोळा ठेवून सोयऱ्याला बोलावणे, आणि परत येईल म्हणून व्रत करणारणीच्या घरी वाण पाठवणे! सातशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजही लागू पडतात. गेल्या वर्षी हिने स्टीलची वाटी दिली, यंदा आपण प्लॅस्टिकचा डबा दिला तर कसे दिसेल, हा हिशेब कोणत्या घरात होत नाही?

पूर्वपक्ष बरोबर आहे, पण अर्धाच. या चालीत जिला द्यायचे तिच्याकडून काहीच यायचे नसते. म्हणजे समोरचीचा हात पाहण्याची सोयच काढून टाकली आहे. शिवाय एखादीची पेटी आलीच नाही, तर दुसरी कुणीतरी आपण होऊन तिला पाठवते. तिने आपला वाटा आधीच पाठवलेला असतो, हे दुसरे पाठवणे तिच्यावर बंधनकारक नसते. अशा बाईला त्या 'देवदूत' म्हणतात. माझ्या मते या सबंध चालीतला सात्त्विक भाग एवढाच, पण तो खरा आहे.

न पाहिलेल्या माणसासाठी विणणे आपल्यालाही परके नाही. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिथल्या रेडक्रॉसने घरोघरच्या बायकांना सैनिकांसाठी मोजे आणि स्वेटर विणावयाला लावले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा आपल्या आयाबहिणींनी हिमालयातल्या जवानांसाठी तेच केले. आमच्या मातोश्री सांगत की, बाजारात लोकर मिळेना म्हणून थोरल्या बहिणीचा स्वेटर उसवून त्याची लोकर वापरली, आणि बहीण दोन दिवस रुसून बसली होती. जवानाला स्वेटर मिळाला, हे योग्यच झाले. पण रुसलेली मुलगी चुकीची होती असे मात्र मला कधी वाटले नाही.

आता शालीकडे येऊ. पुतणीने आपल्या आईसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी, एक मोठी शाल विणून पाठवली. एका ओळीत दीडशे टाके आणि अशा चारशे ओळी, म्हणजे साठ हजार टाके झाले. मिनिटाला वीस टाके धरले तरी पन्नास तास. नोकरी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास उरकून रात्री अर्धा-पाऊण तास बसणारीला हे पन्नास तास म्हणजे तीन महिने. तिने मला सांगितले की काका, प्रत्येक ओळीला आईची आठवण होत होती. आपल्यापैकी माळ ओढणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावे, प्रत्येक मण्याला आठवण होते का?

शाल आली. वहिनी म्हणाल्या, "कशाला एवढा खटाटोप, इथे थंडी कुठे आहे?" आणि डांबराच्या गोळ्या घालून ती ट्रंकेत ठेवली. मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ट्रंक उघडून दाखवली, हे मी स्वतः पाहिले आहे. पुतणीला फोनवर ऐकू गेला तो फक्त खटाटोप. त्याच सुमारास तिच्या गुप्त मैत्रिणीकडून मोजे पोचल्याचे पत्र आले. दोन पाने भरून आनंद, आणि मोजे घातलेल्या पायांचे छायाचित्र! मैत्रिणीचे तोंडही तिने पाहिलेले नाही. तेव्हा तिने मला विचारले, "काका, परक्यांसाठी विणताना जीव सुखावतो आणि घरच्यांसाठी विणताना दुखावतो. नवऱ्याचा स्वेटर दोन वर्षे सुईवर आहे. यात माझे काही चुकते का?"

मी उत्तर लिहिण्याआधीच पुढची गोष्ट घडली. वहिनी माघ वारीला गेल्या. पहाटेची थंडी फार होती म्हणून शाल बरोबर नेली होती. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करून कुडकुडत बसलेली एक म्हातारी त्यांना दिसली, आणि त्यांनी शाल काढून तिच्या अंगावर घातली. घरी आल्यावर कुणाला काही बोलल्या नाहीत. लेकीने शाल पांघरलेले छायाचित्र मागितले तेव्हा हे उघड झाले. तिचा एकच प्रश्न, "माझ्या आईला माझ्या हाताची एवढीच किंमत?"

शास्त्र निःसंशय वहिनींच्या बाजूचे आहे. शाल त्यांची झाली होती, आपल्या वस्तूचे काय करावे हा त्यांचा अधिकार. मी थोडे खोदून विचारले, "वहिनी, अंगावर जुनी घोंगडीही होती ना, ती का नाही दिली?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती विरलेली. देवाच्या दारात बसलेल्या म्हातारीला विरलेलं कसं देऊ? माझ्याकडे चांगलं म्हणजे तेवढंच होतं." हे ऐकून मला कठोपनिषद आठवले. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचे व्रत घेतले आणि दक्षिणेला म्हाताऱ्या, भाकड गाई काढल्या. ते पाहून नचिकेत अस्वस्थ झाला, आणि यमाच्या दारापर्यंतचा सगळा प्रवास तेथून सुरू झाला. उपनिषद न वाचलेल्या वहिनींनी ती कसोटी सहज पार केली. लेकीच्या हाताची किंमत नव्हती म्हणून शाल गेली नाही, ती सर्वांत मोलाची होती म्हणून गेली.

एवढे पुतणीला लिहून मी गप्प बसू शकलो असतो. पुष्कळांनी तोच सल्ला दिला असता, की बाळ, तुझ्या शालीचे सोने झाले, राग सोड. पण हा न्याय मला एकांगी वाटतो. गुप्त मैत्रिणींच्या साखळीत आपण दिलेले पुढे कुठेही गेले तरी तिला दुःख नसते, कारण तिथे वस्तू दिलेली असते. आईला तिने वस्तू दिलीच नव्हती. सात समुद्रांपलीकडून जे हाताने करता येत नाही, पाय चेपणे, पाठ शेकणे, उशाशी बसणे, ते साठ हजार टाक्यांत घालून पाठवले होते. शालीचे स्वामित्व बदलते, ते मान्य. पण सेवेचे स्वामित्व बदलते का? उशाशी बसलेल्या मुलीला 'तू आता शेजारणीकडे जाऊन बस' असे आई सांगेल का? आणि सांगितलेच, तर मुलीला विचारून सांगेल की न विचारता?

तिकडच्या विणकरणींत एक अर्धी थट्टेची, अर्धी खरी समजूत आहे. लग्नाआधी वाग्दत्त वराला स्वेटर विणून देऊ नये, दिला तर तो सोडून जातो. मला यात अंधश्रद्धेपेक्षा अनुभव जास्त दिसतो. जी भेट फार जड असते तिच्या ओझ्याखाली घेणारा गुदमरतो. काय बोलावे हे त्याला सुचत नाही. वहिनींना 'कशाला एवढा खटाटोप' एवढेच सुचले, ते त्यामुळेच.

आणि दूरचे माणूस सोपे असते, हेही तितकेच खरे आहे. ते कुरकुर करीत नाही, त्याचा घाम आपल्याला येत नाही, त्याच्याशी काल भांडण झालेले नसते. त्याच्यावर प्रेम करताना निम्मे माणूस आपण आपल्या मनाने बनवलेले असते. हसू नका, वारकरी मंडळी, हे आपल्याही पायापाशी येते. दिंडीत अनोळखी माणसाला माउली म्हणून लोटांगण घालतो. यवतला अनोळखी हातांनी वाढलेली पिठले-भाकरी खाऊन डोळे भरून येतात. आणि घरी सून पिठले वाढते तेव्हा मीठ कमी पडल्याचे पहिल्या घासाला कळते! यवतच्या पिठल्यात मीठ कमी नसते असे नाही, तेथे आपण मीठ शोधत नाही. वारी खोटी आहे असे मी म्हणत नाही. अठरा दिवस जे डोळे लाभतात ते उंबऱ्याच्या आत आले की कुठे जातात, एवढेच विचारतो.

म्हणून पुतणीला मी त्या कागदाची आठवण करून दिली. न पाहिलेल्या बाईला रंग विचारला, पायाचे माप विचारले, लोकर खुपते का ते विचारले. आईला यांपैकी एकही विचारले होते का? जावईबापूंना स्वेटर हवा आहे की नको, हे तरी दोन वर्षांत विचारले का? घरच्या माणसाची आवड आपल्याला ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. वहिनींनाही मी स्पष्ट सांगितले की दान उत्तम झाले, पण लेकीला त्याच दिवशी कळवायला हवे होते. दानात तिचाही वाटा होता, त्या वाट्याचा आनंद तुम्ही एकट्याने घेतलात. वहिनींना हे पटले की नाही, सांगता येत नाही. त्या पदराने डोळे पुसून चहा टाकायला उठल्या.

मागच्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. मला नव्हे, आईला. तिने विचारले, तुला काय हवंय ते सांग. वहिनी म्हणाल्या, "शाल नको बाई. गुडघ्यांना काहीतरी वीण, जिना चढवत नाही." माप कसे घ्यायचे यावरून दोघींची बरीच वादावादी झाली. शेवटी वहिनींनी सुतळी गुडघ्याभोवती फिरवून तीच पाकिटात घालून मिनेसोटाला पाठवली. सुतळीला दोन ठिकाणी गाठी मारल्या आहेत, कारण डावा गुडघा सुजलेला असतो.